कुणाची घागर कोण आणतं

मला माणसांचे आवाज काढता येतात. ही काही विद्या न्हाय, खोड हाय. शाळेत उर्दूचे मौलवीसाहेब वर्गात यायच्या आधीच मी त्यांच्या आवाजात "खामोश!" म्हणायचो, की समदी पोरं गप. एकदा मौलवीसाहेब खरंच मागं दारात उभे होते. त्यांनी दोन छड्या मारल्या आणि म्हणाले, "एक नक्कल की, एक बुरी की."

निजामाचं राज्य जायच्या आधीचा उन्हाळा होता. आई-बाप लहानपणीच पटकीत गेलेले, मी मामाकडं वाढलो. त्या साली भीतीपायी बरीच घरं हद्दीपल्याड चालली होती. मामाचंबी बार्शीला गेलं. गाडीत भांडी चढली, पोरं चढली, शेळी चढली. मी चढलो न्हाय, कारण मला तीन महिन्यांची नोकरी लागली होती. मामी म्हणाली, "मागनं ये रे." गाडी वळली तवा शेळी तेवढी माझ्याकडं बघत होती.

नोकरी मोजणीची. मला मराठी, उर्दू आणि मोडकं कानडी येत होतं, म्हणून मिळाली. डाक्टरसाहेब हैदराबादेकडचे, उंच, काटक, बोलणं हळू. नारूची पाहणी करायला आले होते. नारू म्हंजे पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा. जिथं लोक पायऱ्या उतरून बारवंत जातात, पाय बुडवून पाणी भरतात, तिथं तो लई. साहेबांनी बाटलीत बारवंचं पाणी भरून उन्हात धरलं. आत तिळापेक्षा बारीक काहीतरी उड्या मारत होतं.

"ये पेट में गया, तो साल भर बाद किडा पाँव से निकलता."

"सालभर आत काय करतो, साहेब?"

"आराम," साहेब म्हणाले. हसले न्हाईत. ते हसायचेच न्हाईत, म्हणून त्यांची नक्कल करायला मला लई आवडायची.

त्यांनी मला हिशोब शिकवला तो असा. वर आजारी किती ते लिहायचं, खाली बघितले किती ते लिहायचं. खालचा आकडा नसंल तर वरच्याला काही अर्थ न्हाय. "दस आदमी बीमार. अच्छा. कित्ते में से दस? पचास में से, के हजार में से?" मग औसत शिकवलं, म्हंजे सरासरी. एकाच्या पायाला चार नारू आणि तिघांना एकबी न्हाय, तर औसत माणशी एक.

"मग बरं झालं," म्या म्हटलं, "ज्याला चार हायेत त्याला सांगतो, तुला एकच हाय, बाकीचे तीन कागदावर वाटलेत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "इसीलिए सिर्फ औसत नक्को लिख. किसको कित्ते, वो भी लिख."

एका गावात एक जण सांगायला आला, की मंत्र टाकला आणि नारू आपोआप बाहेर आला. साहेबांनी समदं ऐकून घेतलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "एक आदमी से कुछ साबित नई होता, मियाँ. सौ लाओ." हे वाक्य मला तोंडपाठ झालं. भाकरी करपली की मी चुलीला तेच म्हणायचो.

मोजणी कशापायी, तेबी त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पैका थोडा, गावं लई. ज्या गावाचा आकडा मोठा, तिथल्या बारवंच्या पायऱ्या चिणून बंद करायच्या, वर कठडा बांधून रहाट बसवायचा. म्हंजे पाण्यात कुणाचा पाय जाणार न्हाय. ज्या गावाचा आकडा लहान, ते यादीतून बाद.

साहेब पुढच्या गावी जायचे, मी मागं एकेका गावात राहायचो. मी सांगतोय ते गाव तामलवाडीहून बरंच आत, गाडीवाटेवरचं. मुक्काम चावडीत. तीन दगडांची चूल, एक पातेलं, एक घोंगडी. पहिल्या दिवशी सकाळी पाटी-पेन्सिल घेऊन घरोघर निघालो.

"घरात माणसं किती?"

"हायेत की आपली."

"किती?"

"देवानं दिली तेवढी."

"लेकरं?"

"लेकरं मोजू न्हायत," आतून बाईमाणसाचा आवाज आला, आणि दार लागलं.

पुढच्या घरी त्याच्या आधीच लागलं. त्या दिवसांत कागद घेऊन माणसं मोजणारा म्हंजे एकतर लेव्हीचं धान्य न्यायला आलेला, न्हायतर त्याहून वाईट कोण. मी पायाचं बोलायचो, त्यांना कणगी दिसायची. चार दिवस मला त्या गावात कुणी जेवलास का म्हणून विचारलं न्हाय. कुत्रंसुदीक लांबनं भुंकायचं, जवळ येऊन भुंकायचं न्हाय. पाटीवर अकरा माणसं झाली होती, त्यात एक मी.

पाचव्या दिवशी सकाळी पाणी भरायला बारवंवर गेलो. खाली बायकांची गर्दी. मी वरच्या पायरीवर उभा राहिलो आणि, कसं झालं ठाऊक न्हाय, त्या गावच्या पटवाऱ्यासारखा खाकरलो. तो तीनदा खाकरायचा, तिसऱ्यांदा लांब. खालच्या समद्या बायकांनी भर्रकन पदर डोक्यावर ओढले. वर बघितलं तर मी. मग जे हसू उठलं, ते बारवंच्या चारी भिंतींवरून फिरून वर आलं.

त्या हसण्यानं माझं वाटोळं केलं.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर जायचं सोडलं. सकाळ-संध्याकाळ बारवंवर बसायचो. पटवारी करायचो, जमादार करायचो, डाक्टरसाहेब चष्मा पुसताना करायचो. एक नक्कल, त्याबदल्यात पाय बघू द्यायचा. "पाय पुढं करा, मावशी, सरकार पाया पडाया आलंय!" असं मी ओरडायचो. बाप्ये बैलं घेऊन यायचे तेबी थांबायचे, धोतर वर करून पोटऱ्या दाखवायचे. पाटी भरायला लागली.

"मेल्या, बायकांचे पाय मोजून पगार घेतो व्हय?"

"मावशी, तुमचे दोनच धरलेत. तिसरा दाखवला तर बढती मिळंल."

नक्कल संपली की कुणीतरी घागर वाकडी करायची आणि मी ओंजळ धरायचो. साहेबांनी बजावलं होतं, पाणी फडक्यानं गाळून पी. फडकं खिशात होतं. पण कुणी आपल्या हातानं पाणी घालतंय, तर मधी फडकं धरायचं? मी तसंच प्यायचो.

त्यातल्या एक बाई होत्या. वाण्याच्या घरच्या, लिंगायत, पस्तिशीच्या. सोलापूरच्या खालच्या अंगाचं माहेर, बोलण्यात मधी कानडी यायचं. समदा गाव त्यांना अक्का म्हणायचा. बाकीच्या हसायच्या, अक्का हसायच्या न्हाईत. तिसऱ्या दिवशी मी पटवारी करून थांबलो, तर खालून हुबेहूब माझ्याच आवाजात आलं, "पाय पुढं करा, मावशी, सरकार पाया पडाया आलंय!" मानंला झटका देऊन, नाक वर करून. मी बोलताना नाक वर करतो हे मला तोवर ठाऊक न्हवतं.

माझी नक्कल कुणी कधी केली न्हवती. त्यासाठी कुणीतरी आपल्याकडं नीट बघावं लागतं.

मग आमची जुंपायची. मी वरून, त्या खालून. एकदा घागर डोक्यावर घेऊन वर आल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "एनप्पा, काय रे, खरं सांग. तुझ्या या मोजण्यानं रहाट मिळतोय का?"

"आकडा मोठा आला तर मिळंल, अक्का."

"मग येईल. लई घरांत कोणतरी आडवं हाय. माझी सासू नारूनं दोन उन्हाळे पडून राहिली, गुडघा धरला तो सुटला न्हाय. नंतर घरात हातावर रांगायची. मला तसं मरायचं न्हाय बघ."

बघणाऱ्या बायका होत्या, मला विनोद सुचला. म्हटलं, "अक्का, आपण आडवे मोजत न्हाय. उभे मोजतो."

लई हसल्या समद्या. अक्काबी जरा हसल्या, आणि गेल्या.

त्याच्यानंतर चार-पाच दिवसांनी त्या यायच्या बंद झाल्या. मी पटवारी करायचो, खाकरायचो, आणि खाली कान द्यायचो. उत्तर न्हाय. त्यांच्या घागरी एक पोर घेऊन यायची. तिला विचारलं तर म्हणाली, "अक्का घरात हायेत." मला वाटलं, परक्या माणसासंगं थट्टा करतात म्हणून घरातनं बंदी आली आसंल. विचारायला जाणं बरं दिसत न्हाय, म्हणून गेलो न्हाय. नकला मात्र फिक्या व्हायला लागल्या. गर्दी तेवढीच होती, तरी मला रिकामी वाटायची.

ठरल्या दिवशी साहेब गाडीतनं आले. पाटीवरनं वहीत उतरवलेलं त्यांनी बघितलं.

"बहोत कम है."

"हौ साहेब, चांगलं गाव हाय."

"नीचे का अदद?"

"जेवढे बघितले तेवढे."

"पूरा गाँव बावली पे आया था?"

"समदा," म्या म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून बोललो न्हाय. जे हसायला आले न्हाईत ते मला गावात धरायचे सुचलेच न्हवते.

साहेबांनी यादीत त्या गावावर रेघ ओढली. बारीक, सरळ रेघ. मी घोंगडी गुंडाळून गाडीत टाकली. गाडी वाण्याच्या दुकानापुढनं चालली होती, आणि आतनं माझा आवाज आला, "पाय पुढं करा, मावशी, सरकार पाया पडाया आलंय!"

आवाज तोच, पण दम लागलेला. म्या गाडीतनं उडी मारली.

दुकानात वाणी तराजूपाशी बसले होते. त्यांनी नुसती मान आत वळवली. आतल्या खोलीत अक्का बाजंवर पडल्या होत्या. पाय पोटरीपसनं सुजलेला, घोट्यावर ओलं फडकं, आणि फडक्यापाशी पऱ्हाटीची बारीक काडी. काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. रोज बोटभर ओढायचा, गुंडाळायचा. तुटला तर पाय सडतो.

"चाललास?"

"तुमी बारवंवर आला न्हाईत, मला वाटलं..."

"पायात दोरी घेऊन पायऱ्या उतरू कशी? तूच म्हणलास न्हवं, आडवे मोजत न्हाय." मग मानंला झटका दिला, नाक वर केलं, पण या खेपेला नक्कल न्हवती. "मला मोजलं न्हाईस की रे."

माझ्यापाशी पंधरा-वीस जणांचे आवाज होते, त्यातला एकबी निघंना.

वाणी दारात येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "मोंढ्याच्या बाजारात पोत्याच्या तोंडाशी टपोरी ज्वारी भरत्यात. घेणारा येडा नसंल तर नळी तळापतोर खुपसून वानगी काढतो. तुमी तोंडाशीच हात घातला, मास्तर."

नारूनं पाय धरला तो बारवंवर येत न्हाय. मी बारवंवर येणाऱ्यांतच नारू मोजला. हे कळायला मला एवढे दिवस लागले, आणि वाण्याला एक पोतं पुरलं.

मी गाडीपाशी गेलो आणि साहेबांना समदं सांगितलं. घरं बंद होती तेबी, हसण्यापायी बारवंवर बसलो तेबी. वाटलं ओरडतील. ते गाडीतनं खाली उतरले, चष्मा पुसला.

"घर घर का दरवाजा बंद, तो तेरेकू अकेला लगा."

"हौ."

"मेरेकू भी लगता," ते म्हणाले. "लेकिन मैं दरवाजा ठोकता." मग गाडीवानाला बैलं सोडायला सांगितली. "दो दिन."

दोन दिवसांत कोण दार उघडणार? मी परत अक्काच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसलो. त्या छताकडं बघत पडल्या होत्या. म्हणाल्या, "माणसं मोजू नगस. लेकरं मोजलेली कुणाला चालत न्हाईत. तू एवढंच ईचार, कुणाची घागर कोण आणतंय."

"त्यानं काय होईल?"

"ईचारून तर बघ."

पहिल्याच घरी विचारलं आणि दार आपणहून उघडलं. "कोण आणणार? मीच! जाऊबाई पंधरा दिस झालं पसरल्यात, त्यांच्या दोन घागरी माझ्या मानंवर!" पुढच्या घरी सासू म्हणाली, "सुनंची नाटकं हायेत, लिही, मोठ्या अक्षरात लिही," आणि सुनंच्या पायावरचं फडकं काढलं तर काडीला दोरा गुंडाळलेला. एक म्हातारा म्हणाला, माझी घागर माझा बैल आणतो, मी त्याच्या शेपटीला धरून जातो, आता तेबी जमंना. माणसं किती हे कुणी सांगत न्हवतं, पण आपल्यावर पाणी वाहायचं ओझं किती, हे सांगायला समदे तयार. मी नक्कल एकबी केली न्हाय. कुणी मागितलीबी न्हाय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावकुसाबाहेर गेलो. तिथल्या माणसांना बारवंच्या पायरीला पाय लावू देत न्हवते. तासनतास उभं राहून, वरनं कुणी ओतलं तर भरायचं. तिथं तोच प्रश्न विचारला तर एक जण म्हणाला, "आमची समद्यांचीच घागर दुसऱ्याच्या हातात हाय. कुणाकुणाची सांगू?" पाणी तेच, नारू तोच. माझ्या पहिल्या वहीत त्यातलं एकबी माणूस न्हवतं. अक्कालाबी ही घरं सांगायची सुचली न्हवती.

साहेबांनी नवीन आकडा मांडला. वरचा कितीतरी वाढला, खालचाबी खरा झाला. यादीतल्या रेघेवर त्यांनी दुसरी रेघ ओढली न्हाय. पान फाडलं आणि समदी यादी परत लिहून काढली, ते गाव वर घेऊन. निघताना मी दुकानात डोकावलो. अक्का झोपल्या होत्या. वाणी म्हणाले, "उठवू?" म्या नको म्हटलं. आता वाटतं, उठवायला पायजे होतं.

पावसाळ्याच्या शेवटाला फौजा आल्या, राज्य गेलं. डाक्टरसाहेब कुठं गेले कळलं न्हाय. कागद कुणाच्या टेबलावर पडले तेबी न्हाय. मामाचं घर बार्शीलाच रमलं. मी येडशीला टेशनाजवळ एक खोली घेतली आणि मालाच्या पावत्या लिहायला लागलो. लिंबाखाली खोली, एक खिडकी, शेजारी कोण न्हाय. नकला करायचो, पण टेशनावर माणसं गाडीपुरती थांबतात. हसतात आणि चढतात.

पुढच्या उन्हाळ्यात डाव्या घोट्यावर फोड आला. आग आग व्हायची. तिसऱ्या दिवशी फुटला आणि आत पांढरं टोक दिसलं. मी बघत राहिलो. बरोबर एक वर्ष. ओंजळीतनं प्यालेलं पाणी कुणाच्या घागरीतलं ते मला सांगता येणार न्हाय, पण कशापायी प्यालो ते पक्कं सांगता येतं.

पऱ्हाटीची काडी टेशनावरच्या कापसाच्या गाठोड्यातनं मिळाली. रोज बोटभर. पाणी आणायला विहिरीपतोर भिंत धरून जायचो, अर्धा तांब्या सांडायचा. पाचव्या दिवशी जाणंच जमंना. दार पुढं केलेलं, आणि मी बाजंवर. तवा मला अक्कांचा प्रश्न आठवला. कुणी मोजणारा टेशनावर आला आणि त्यानं विचारलं, कुणाची घागर कोण आणतंय, तर माझा पत्ता त्याला लागणार न्हाय. माझी घागर कोणीच आणत न्हवतं.

सातव्या दिवशी टेशनावरचा हमाल पावती लिहून घ्यायला आला, म्हणून दार उघडलं. त्याच्यासंगं ज्वारीची पोती घेऊन आलेला एक शेतकरी होता. माझा पाय बघून म्हणाला, "आमच्याकडं लई व्हता हा." गाव विचारलं तर तेच. मी उठून बसलो.

"बारव?"

"पायऱ्या चिणल्या की. रहाट बसलाय. लई कुरकुरतो, अर्ध्या गावाला झोप न्हाय."

"आणि वाण्याच्या घरच्या? अक्का?"

"हायेत. पाय वाकडा राहिला, लंगडत्यात. पण रांगत न्हाईत. रहाटापाशी बसून समद्यांच्या नकला करत्यात. एक कोण मास्तर आलता म्हणे मोजायला, त्याची तर..." आणि त्यानं मानंला झटका दिला, नाक वर केलं. नक्कल वाईट होती. नकलेची नक्कल होती. पण त्यात मी होतो.

मी त्याला काही सांगितलं न्हाय. पावती लिहून दिली. जाताना त्यानं न सांगता माझी घागर उचलली, भरून आणली, कोपऱ्यात ठेवली आणि गाडी धरायला पळाला.

तो गेल्यावर मी एका पावतीच्या पाठीवर तक्ता आखला. वर एक, खाली एक. बघितले तेवढे समदे आजारी. एवढा मोठा आकडा आमच्या पाहणीत कुठल्याच गावाचा आला न्हवता. म्या चष्मा पुसल्यासारखं केलं, आणि साहेबांच्या हळू आवाजात रिकाम्या खोलीला म्हटलं, "एक आदमी से कुछ साबित नई होता, मियाँ."

मग फडकं घागरीच्या तोंडावर ताणलं आणि पाणी गाळून प्यालो.